मामांची हरकत आहे

माझ्या बायकोच्या मामांची हरकत नाही अशी एकही इमारत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नसेल. असलीच तर ती मामांच्या जन्माआधी बांधलेली असणार, आणि तिच्याविरुद्धही त्यांनी मनातल्या मनात एक अर्ज लिहून ठेवलेला असणार. उजनी धरणाचं पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा आम्ही सगळे नातेवाईक जीप करून बघायला गेलो होतो. बायका हात जोडून उभ्या, आम्ही पुरुष फोटो काढण्यात गुंग, आणि मामा मात्र देवळाकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून आलेल्या गाड्यांची रांग न्याहाळत होते. "येवढी मानसं येनार म्हनल्यावर गाड्या लावायला जागा सोडायला नको व्हय?" असं ते रागाने म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. देऊळ बांधणाऱ्यालाच म्हणाले असावेत, असा माझा अंदाज आहे.

मामांनी उभा जन्म साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवला. पुढे ट्रॅक्टर आणि मागे एकीला एक जोडलेल्या, डोंगराएवढ्या भरलेल्या दोन ट्रॉल्या. आमच्याकडे तिला डबल ट्रॉली म्हणतात. वळणावर ट्रॅक्टर जिथून जातो तिथून मागची ट्रॉली जात नाही, ती आतल्या बाजूला कापत येते. हे ज्ञान इतर ड्रायव्हर लोक गाडीवरून उतरताना किल्लीबरोबर खिशात टाकतात. मामांनी ते संसाराला लावलं. लग्नात ते जेवायला बसणार ते दाराजवळच्या टोकाला, आणि वाढप्यांना सांगणार की भाताची पातेली इकडून आणा आणि वरणाची तिकडून, समोरासमोर आलात तर कोणीतरी भाजणार. कोणाच्या घरी नवा सोफा आला की लोक त्यावर बसून बघतात. मामा उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत पावलं मोजतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतात, "तुमास्नी रातच्याला मोरीकडं जाताना गुडघ्याला लागतंय का न्हाय ह्ये?" लागत असतंच. म्हातारीने सहा महिने कोणाला सांगितलेलं नसतं, ते ती मामांना सांगते, आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याची जागा बदलते.

मी स्वतः या हरकतींतून गेलेलो माणूस आहे. माझं लग्न ठरताना मुलीकडची मंडळी घर बघायला आली. बाकीचे चहा घेत माझी नोकरी, माझा पगार, माझी उंची वगैरे किरकोळ गोष्टी विचारत होते. मामा गल्लीतच थांबले. अर्ध्या तासाने आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरगं बेस हाय. पन दारापतुर ॲम्ब्युलन्स येत न्हाय." माझे वडील म्हणाले, "अहो, पण घरात कोणी आजारी नाही." मामा शांतपणे म्हणाले, "आत्ता न्हाय." गल्लीच्या तोंडाशी आमच्याच आजीच्या काळापासूनचा कपडे धुण्याचा मोठा दगड होता, तो आडवा येत होता. पहार घेऊन मी आणि माझ्या भावाने तो दगड हलवला, मगच सुपारी फुटली. आमच्या लग्नाला मामांची मंजुरी आहे, पण ती अटींसह आहे, हे बायको मला आजही ऐकवते. पुढे वडिलांना झटका आला तेव्हा ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली आणि वडील वाचले. त्या दिवसापासून मी मामांच्या कुठल्याही बोलण्याला हसण्याचं सोडून दिलं.

मी नगरपालिकेत आवक टेबलावर कारकून आहे. गावात कोणाला मंगल कार्यालय, गोदाम, हॉटेल असं काही काढायचं असलं की त्याची जाहीर नोटीस निघते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवतात, मग मुख्याधिकारी साहेबांसमोर सुनावणी होते. पेपरातल्या या नोटिसा एवढ्या बारीक अक्षरात असतात की त्या छापणाराही वाचत नसावा. मामा पेपर तिथूनच उघडतात. नोटीस दिसली की सायकलच्या हँडलला फक्कीची पिशवी अडकवून ते त्या जागेवर हजर होतात. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी भुकटी. रस्त्यावर उकिडवं बसून, चिमटीतून फक्की सोडत ते एक लांब वाकडी रेघ ओढतात. डबल ट्रॉली इथून वळली तर मागच्या ट्रॉलीचं आतलं चाक कुठून जाईल, त्याची ती रेघ. मग आजूबाजूचं एकेक दार वाजवून विचारतात की दूध किती वाजता येतं, लेकरं शाळेला कुठून ओलांडतात, पाहुणे आले की गाडी कुठे लावता. एवढं झाल्यावर फुलस्केप कागदावर हरकत. तिची सुरुवात ठरलेली असते, "अर्जदाराचे चांगले व्हावे अशी माझी इच्छा आहे, परंतु". या परंतुपुढे दोन पानं असतात. घरी ते मला जावईबापू म्हणतात. टेबलासमोर उभे राहिले की म्हणतात, "साहेब, शिक्का मारा."

त्यांचा दरारा काय होता ते मी बावड्याच्या वळणावर पाहिलं. तिथे एकाला मोठं हॉटेल काढायचं होतं. त्याने पुण्याहून इंजिनिअर आणला होता आणि इंजिनिअरने लॅपटॉप आणला होता. पडद्यावर निळ्या-हिरव्या गाड्या सुरेख वळत होत्या. मामांनी ते सगळं कौतुकाने पाहिलं, "लई झ्याक हाय," म्हणाले आणि बाहेर जाऊन रेघ ओढली. रेघ शाळेच्या कुंपणाचा कोपरा कापून गेली. इंजिनिअर हसला. मामांनी रस्त्याने चाललेली एक भरलेली डबल ट्रॉली हात करून थांबवली. हॉटेलवाल्याच्या दोन गाड्या हॉटेलचं दार येणार होतं तिथे उभ्या केल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं, "आता न्हेमीसारखी काढ, बाबा." अख्खं गाव बघत होतं. मागचं चाक त्या पांढऱ्या रेघेवर आलं आणि शेवटपर्यंत रेघेवरूनच गेलं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. कुंपणाचा खांब कलला. इंजिनिअरने लॅपटॉप मिटला आणि खाली वाकून त्या रेघेला हात लावून पाहिला. मला तर त्या क्षणी मामांच्या पाया पडावंसं वाटलं. हॉटेल झालं, पण वीस पावलं आत झालं.

अशा माणसाच्या पोटच्या पोरीनेच मंगल कार्यालय काढायचं ठरवलं.

शैला ही मामांची एकुलती एक. तिला बावड्याला दिली होती. नवऱ्याची नोकरी गेल्यावर दोघं जळोचीला मामांच्या जागेवर येऊन राहिली. कष्टाळू पोर. दुसऱ्यांच्या लग्नांत आचाऱ्याच्या हाताखाली राबून तिने धंद्याची सगळी नस ओळखली होती. मामांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत कार्यालय, आणि गेट पुढच्या बोळाच्या वळणावर, असा नकाशा तिने काढून घेतला. तो माझ्याच टेबलावरून आत गेला. नोटीस निघाली आणि आमच्या ऑफिसात चहाच्या पैजा लागल्या. निम्मे म्हणाले, आता बघू म्हाताऱ्याचा परंतु. मी मात्र पैज लावली नाही. शैलाचं सगळं त्या एका नकाशावर होतं. तो नामंजूर झाला तर तिला पुन्हा दुसऱ्यांची पातेली घासायला जावं लागणार होतं. मुदतीचा एकेक दिवस जात होता आणि मामांचा पत्ता नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी मी सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

"साहेब, शिक्का मारा."

"मामा, अहो शैलाताई," मी हळूच म्हणालो.

"हितं मामा कोन न्हाय. हरकतदार हाय."

मी शिक्का मारला. मामांनी पोच घडी करून खिशात टाकली आणि सायकल काढली.

मामांच्या घराच्या समोर, वळणाच्या आतल्या अंगाला, हमीदाचाचींचं घर आहे. दाराची पायरी थेट बोळात उतरते. चाचींच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, ॲम्ब्युलन्स दारात येते. आमच्याकडे लग्नं आणि ऊस एकाच हंगामात येतात. वऱ्हाडाच्या गाड्या गेटापुढे लागणार, त्यात त्याच बोळातून कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्या, मग चाचांना कुठून न्यायचं, असं दोन पानांत लिहिलं होतं. सुनावणीला साहेबांनी विचारलं, "अर्जदार तुमच्या कोण?"

"मुलगी."

शैला ताडकन उठली. "साहेब, एका ताटात जेवतो आमी. घरात एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर मी गेट हलवलं असतं."

मामा तिच्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "घरात बोललो असतो तर तिनं बापासाठी ऐकलं असतं. उंद्या मी न्हाय. परवा तिनं कार्यालय इकलं, तर नवा मालक माझं कशाला ऐकंल? कागदावर आलं की समद्यास्नी ऐकावं लागतं."

शैलाने बोलणं टाकलं. एका घरात राहून ती त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. बायको मला म्हणाली, मामांना समजवा. मी समजवायला गेलो की मामा मलाच वहिवाटीचे नियम समजावून सांगत.

साहेब जागेची पाहणी करायला आले तेव्हा बोळात जत्रा भरली होती. साहेबांनी सांगून टाकलं होतं की मागच्या ट्रॉलीचं चाक चाचींच्या पायरीला लागलं नाही, तर गेट नकाशात आहे तिथेच मंजूर. मामा उकिडवे बसले. एरवी एका दमात ओढायचे, पण त्या दिवशी तीनदा थांबले. रेघ पुरी झाली आणि सगळ्यांनी पाहिलं, ती पायरीपासून चांगली वीतभर लांबून गेली होती. शैलाने तोंडावर पदर धरला. साहेब हसून म्हणाले, "चला, मिटलं. तुमची रेघ म्हणजे शेवटचा शब्द. ट्रॉलीची गरज नाही."

कोणीही गप्प बसलं असतं. मी तर मनातल्या मनात म्हणत होतो, मामा, आज गप्प बसा. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "न्हाय साहेब. ट्रॉली फिरवा."

गेटाच्या जागेपुढे दोन गाड्या उभ्या केल्या आणि ट्रॉली वळली. मागचं चाक रेघेवर आलं, काही हात रेघेवरून चाललं, मग रेघ सोडून आत आत सरकत गेलं आणि पायरीवर चढलं. पायरीचा कोपरा कडकन तुटला. मामांची रेघ चुकली होती. जन्मात पहिल्यांदा चुकली होती, आणि कोणाच्या बाजूने चुकली होती ते तिथल्या प्रत्येक माणसाला दिसत होतं. हमीदाचाचीच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पायरीचं काय घिऊन बसलाय? परत बांधता येती. चहा घ्या." मामांना ते ऐकूच आलं नाही. ते त्या रेघेकडे टक लावून बघत होते. "चूक माजी हाय, साहेब," ते म्हणाले, "मागच्या अंगानं गेट घ्यायला लावा तिला." आणि तुटलेल्या पायरीवर बसले.

शैला आली आणि त्यांच्या शेजारी बसली. इतक्या दिवसांनी तिने तोंड उघडलं. "आप्पा, वीतभर माझ्याकडं सरकलात व्हय?"

"कळलंच न्हाय गं मला," मामा म्हणाले. "आईशपथ, कळलं न्हाय."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही डोळे पुसले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या साहेबांनी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

कार्यालय झालं. गेट मागच्या शेताकडून आहे. त्यासाठी जेवणाचा हॉल निम्मा करावा लागला, तरी शैलाच्या तारखा भरलेल्या असतात. बोळ मोकळा आहे, चाचांची ॲम्ब्युलन्स येते आणि जाते. फक्त मामांनी त्या दिवसापासून एकही हरकत घेतलेली नाही. आम्ही सगळ्यांनी विनवून पाहिलं. साहेबांनीसुद्धा निरोप पाठवला. ते एवढंच म्हणतात, "एकदा आपल्या मानसाकडं हात वळला, आता दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडानं रेघ मारू?" मी त्यांना सांगितलं की मामा, त्या एका चुकीमुळे तर तुम्ही आम्हाला आणखी मोठे वाटायला लागलात. त्यांना ते पटलं नाही.

परवा गावाबाहेर एका मोठ्या गोदामाची नोटीस निघाली. मी पेपर घेऊन गेलो. मामांनी नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आता तुमीच बघा, जावईबापू." संध्याकाळी मी खरंच त्या जागेवर गेलो. वळणावर तासभर उभा राहिलो. उसाच्या ट्रॉल्या गेल्या, दूधवाला गेला, पोरं सायकलवरून गेली. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिला काय विचारावं ते मला सुचेना. मी रस्त्याकडे बघत राहिलो आणि मला नुसता रस्ता दिसत होता.