गाळून दिलेलं पाणी

"नखं दाखवा, मावशी."

मी कणीक मळत होते. तसेच हात पुढं केले. ताईंच्या दोन मैत्रिणी टेबलाशी कॉफी पीत बसलेल्या. त्यांनीही माना वळवल्या. ताईंनी माझी बोटं लांबूनच बघितली.

"बघा, हेच म्हणते मी. पाणी क्लीन आहे. रिपोर्ट आलाय. इश्यू तुमच्या हायजीनचा आहे."

हायजीन म्हणजे काय ते मला कळतं. पाच वर्षं त्या घरातली भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन मीच त्यांचं हायजीन सांभाळत होते. बेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी हात पसरून उभी. बोटांना त्यांच्याच चपात्यांची कणीक.

मागच्या खोलीत माझी लेक टायफॉइडनं पडली होती. दहावीची पोर.

घर सर्जापूर रोडच्या आत, कन्नड मुलखात. ताई आणि साहेब पुण्याचे, कॉम्प्युटरवाले. मी निपाणीकडची. मराठी बोलते म्हणून मला ठेवलं. "घरच्यासारख्या राहा," म्हणाल्या होत्या. घराला टँकरचं पाणी, वर आणि फिल्टर. आमच्या खोलीला बोअरचं. बोअर आणि संडासाची टाकी यांच्यात चार पावलं. त्या पाण्यानं साहेबांची गाडी धुवायची नाही, डाग पडतात. ते आम्ही प्यायचो.

गावात माझ्या आईला विहिरीच्या काठावर चढू द्यायचे नाहीत. घागर खाली ठेवायची, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. इथं अख्खी बोअर आमच्या हवाली. मला वाटायचं, सुधारलो आपण. वा रे सुधारणा!

ताप उतरेना तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "अक्का, पाणी तपासून घ्या." मी ताईंना सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्यांनी लगेच लॅबवाल्याला बोलावलं.

आणि तिथं मी माती खाल्ली.

लॅबवाला खोलीच्या दारात आला. घाईत होता. नळाकडं गेलाही नाही. बाटली पुढं करून म्हणाला, "अक्का, स्वल्प नीर कोडी." थोडं पाणी द्या. आता दारात आलेला माणूस पाणी मागतो, तर बाई काय करील? नळाचं पिवळट, वास मारणारं पाणी परक्याच्या हातात द्यायचं? लाज वाटली मला. लेकीसाठी उकळून, तुरटी फिरवून, फडक्यातून गाळलेलं पाणी हंड्यात होतं. त्यातलं दिलं. काठोकाठ. वर विचारलं, "अण्णा, चहा टाकू?"

नखं दाखवताना ते उमगलं.

"ताई, मी उकळलेलं दिलं होतं. चुकलं माझं. नळाचं तपासा की पुन्हा."

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलं?"

"फसवलं न्हाई ओ. पाव्हण्याला चांगलंच पाणी देतो न्हवं, तसं दिलं."

एक मैत्रीण हसली. ताई म्हणाल्या, "विषय संपला, मावशी. पटत नसेल तर दुसरीकडे बघा."

दुसरीकडे कुठं? काम गेलं की खोली जाते. खोली गेली की लेकीची शाळा जाते, ऐन दहावीत. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. चपात्या लाटल्या. मैत्रिणींनी तूप लावून खाल्ल्या. या हातांच्या नकोत, असं कुणी म्हणालं नाही.

खोलीवर आले तर लेक भिंतीकडं तोंड करून पडलेली. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं होतं. नखं इतकी खोल कापली होती की तीन बोटांना रक्त.

"आई, आता न्हाई न्हवं येणार ताप?"

आई गं. तिला पोटाशी धरून अशी रडले की विचारू नका. मग राग आला. ताईंचा नंतर, आधी माझा. जन्मभर झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आले. माझ्या मेलीच्या हातानंच त्यांची घाण गाळली आणि स्वच्छ म्हणून दाखवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मीच वळून दिलेला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून बाटली आणली. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, मग बाटली थेट धरायची, आत बोट लावायचं नाही. तसं केलं. पाणी पिवळं आलं. वास आला. हात फडक्याकडं वळत होता, सवयच ती. नाही गाळलं. बाटली दवाखान्यात नेऊन दिली. तिथं अर्जावर नाव विचारलं, तर मालकाचं नाही, माझं पुरं नाव लिहायला लावलं.

काही दिवसांनी कागद आला. पिण्यास अयोग्य. मैल्यातले जंतू. ताईंनी दोनदा वाचला. लेक कशी आहे ते नाही विचारलं. म्हणाल्या, "हे कुणाला दाखवलं नाही ना? फिल्टरचं पाणी नेत जा रोज एक बाटली. पण हे आपल्यातच राहू दे."

"बाटली नको ताई. बोअर बंद करा. आमच्या नळाला तुमच्या टाकीचं पाणी सोडा."

"साहेबांशी बोलते," म्हणाल्या. अजून बोलतायत.

खोली अजून आहे. पाणी तेच आहे. जाणार कुठं? पण कागदाची एक प्रत दवाखान्यात दिलीय. दुसरी खोलीच्या दाराला आतून चिकटवलीय. वर लेकीनं कन्नडमध्ये आणि मराठीत लिहिलंय, हे पाणी पिऊ नका. मला काढतील. काढू देत. माझ्या जागी येईल तीही कुणाची तरी आई असेल, तिला कळू दे.

लेकीसाठी मी रोज उकळीन. पण तपासायला कुणीही येऊ दे, आता नळाचंच देईन. पिवळं तर पिवळं, वासासकट.