लेकीच्या वाट्याचं दूध

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. दिवा लावायचे, हात जोडायचे, पण मनात म्हणायचे, बाबा, तुझं तू बघ, माझं मी बघते. माहेर वाशिंदचं, शिक्षण बारावीपर्यंत, आणि लग्न होऊन आले ती मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला, गवळ्यांच्या पाड्यावर. इथे जे काही आहे ते दुधाचं. पाहुण्याला दूध, आजाऱ्याला दूध, आणि लहान पोराला तर दुसरं काही लागतं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. माझी लेक दोन वर्षांची झाली तरी भाकरीचा घास तोंडात घेत नव्हती. एक बाटली संपली की दुसरी. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान पोर, घरच्या म्हशीवर वाढतेय. मलाही त्याचा तोरा होता.

त्यात ती उजळत चालली. आम्ही नवराबायको उन्हातली माणसं, काळीसावळी, आणि ही दिवसेंदिवस पांढरी. कुणावर गेली गो, म्हणून बायका तिचे गाल ओढायच्या आणि मी घाईघाईने काजळाची तीट लावायचे. ती फारशी खेळत नसे, रडतही नसे. बसवलं तिथे बसून राहायची. तेही शहाणी पोर म्हणून खपून गेलं.

मग मातीचं सुरू झालं. पाड्याच्या वरच्या अंगाला वाघदेव आहे, शेंदूर लावलेला दगड. गुरांची राखण तो करतो असं आमच्यात मानतात. सासूबाई एका संध्याकाळी तिला कडेवर घेऊन तिथे दिवा लावायला गेल्या आणि तिला खाली ठेवलं, तर पोर सरपटत थेट देवापुढे गेली आणि मूठभर माती उचलून खाऊ लागली. हातातली काढून घेतली तर असं ओरडली की गोठ्यातल्या म्हशी बिथरल्या. त्यानंतर रोज तेच. घरात असली तरी ती वरच्या अंगाला तोंड करून बसायची. मी तिला वळवून बसवायचे, आणि थोड्या वेळाने बघावं तर पुन्हा तिकडेच तोंड.

"देवानं आपली म्हटलीय तिला," सासूबाई एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाल्या. "त्याचं ते तो घेतो गो."

मी त्यांच्यावर खेकसले. पण त्या दिवसापासून ती झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. आत काळीज किती भराभर उडत होतं! माझी पोर जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि ज्या देवाला तुझं तू बघ म्हणायचे, त्यालाच सांगू लागले, माझ्या पोरीला राख.

ती म्हातारी आली त्या पहाटे डोंगरावरून धुकं खाली उतरलं होतं. मी धार काढत होते. मान वर केली तर गोठ्याच्या तोंडाशी उभी. विटलेलं लुगडं, अनवाणी पाय, हातात काही नाही. आमचा कुत्रा वाऱ्यालाही भुंकतो, तो तोंड जमिनीला लावून गप्प पडला. परक्याला लाथ मारणारी म्हैससुद्धा हलली नाही. सगळ्या म्हशी एकदमच तिच्याकडे बघत होत्या.

"पोरीच्या वाट्याचं दूध दे," ती म्हणाली.

"दुसरं देते की आजी."

"दुसरं नको. तिचंच."

धारेच्या वेळी दारात दूध मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. सासूबाईंनी तांब्या भरला, लेकीचं दिवसभराचं सगळं दूध. म्हातारीने उभ्याने पिऊन टाकलं आणि धुक्यात चालती झाली. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. माझ्या चपलेचे ठसे त्यात उमटले होते, तिच्या पायांचे नव्हते. वजन ते किती असणार तिचं, असं मी स्वतःला समजावलं.

नंतर मी दुसरं दूध तापवायला घेतलं, तर सासूबाईंनी हात धरला. "वाट्याचं दिलं म्हंजे दिलं. मागनं लबाडी नाय करायची." मी भांडले, रडले. पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. लेक दिवसभर किरकिरली. मी नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन बसले होते. तिने माझ्या ताटात हात घातला आणि खाल्लं. कधी नव्हे ते चावून खाल्लं!

म्हातारी पुढेही येत राहिली. रोज तीच वेळ, तेच मागणं. कुठली म्हणून विचारलं की तांब्यासाठी हात पुढे करायची. लेक आता भाकरी मागू लागली होती, माठाची भाजीही खायची, पण माती सुटली नव्हती. मग एका पहाटे म्हातारीने दूध न घेताच माझ्या कडेवरच्या पोरीच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून पाहिली. तो अंगठा मला लागला. थंडगार होता.

"ही गोरी नाय गो बाय. ही रिकामी होत चाललीय. मुरबाडला ने."

मी तशीच निघाले. पहिली जीप धरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अगदी तसंच डोळ्याखाली ओढून पाहिलं, रक्त तपासलं. आकडा मला समजला नाही, पण त्यांचा आवाज बदलला ते समजलं. अंगात रक्तच नाही, म्हणाल्या. नुसत्या दुधात लोह मिळत नाही, पोट मात्र भरतं, मग पोर जेवत नाही. माती खाते तीही त्यातूनच. अजून उशीर झाला असता तर काळीज थकलं असतं. लोहाचं औषध दिलं, ते दुधाबरोबर द्यायचं नाही म्हणून बजावलं. आणि विचारलं, "जेवायला लागलीय हे बरं झालं. दूध कमी करायला कुणी सांगितलं?"

म्हातारी त्यानंतर आली नाही. नवऱ्याने दूध घालायला जाताना वाटेवरच्या सगळ्या पाड्यांवर चौकशी केली, जीपवाल्यांना विचारलं. अशी कुणी त्यांच्या पाहण्यात नव्हती. सासूबाई तिचं नाव काढू देत नाहीत. मीही वाद घालत नाही. असेल कुणी डोंगरातली भुकेली बाई, नसेलही. माझी लेक आज अंगणात धावते, पडते, गळा काढून रडते, आणि तिचं ते रडणं ऐकून मी वेड्यासारखी हसते.

मी देवाला सतत सांगत होते, माझ्या पोरीला राख, आणि ज्याने ती संपत होती तेच दोन्ही हातांनी तिला भरवत होते. ते काढून घ्यायला कुणीतरी आलं, तेव्हा मला तो घाला वाटला. आता मी वाघदेवापुढे बसते तेव्हा काही मागत नाही. एवढंच विचारते, आज माझ्या हातातलं काय खाली ठेवू?