गिल्या वड्याचा डबा

परवा भर बडनेरा रोडवर मी स्कूटरचा ब्रेक असा करकचून दाबला, की मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. करू दे! समोरच्या नव्याकोऱ्या, काचेच्या दर्शनी दुकानावर अंबागेटाच्या आतल्या आमच्या जुन्या गल्लीतल्या गिल्या वड्याच्या दुकानाची पाटी होती. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात तोच पोचा. कायमचं गेलं समजून बसलो होतो, आणि हे बेटं जिवंत!

वीसेक वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला ती गल्ली पाडली. बांगडीवाला गेला, गाद्या पिंजणारा गेला, भाड्यानं सायकली देणारा खवट म्हातारा गेला. आणि हे गिल्या वड्याचं दुकानही. दह्यात मुरलेला तो वडा, वरून लाल तिखट, चिंचेची चटणी... अहाहा! तिथली रीत अशी, की सकाळी घरचा डबा ठेवून जायचं आणि संध्याकाळी भरलेला उचलायचा. डबा कोणाचा, हे दुकानदाराला विचारावं लागत नसे. आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असतंच.

आईचा डबा तिच्या भावानं दिलेला, लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला. झाकणावर दोघांची नावं. मामा पुढं लवकरच वारला. दुकानाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आईनं डबा ठेवला आणि मला बजावलं, "संध्याकाळी आठवणीनं आण. उद्या दुकान पाडनार हायेत." मी कॉलेजात होतो. मित्रांनी सहाच्या शोला ओढलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर नुसता मलबा! घरी ठोकून दिलं, की काल गेलो तेव्हाच दुकान बंद होतं. दुकानदार अकोल्याला गेला म्हणे. दोनदा जाऊन शोधलं, पत्ता नाही. आईनं मात्र तेव्हापासून गिल्या वड्याला हात लावला नाही. ते मला आजवर टोचतंय.

गल्ल्यावर दुकानदाराची सून होती. ते लोक गेल्या महिन्यातच अकोल्याहून परत आले होते. "जुन्या दुकानातले काही डबे राहिले होते का हो?" मी विचारलं.

"हौ, हायेत ना! सासऱ्यानं सांगून ठेवलं, लोकाईचे डबे मोडीत टाकू नका. या, पाहून घ्या."

मागच्या खोलीत धुळीनं माखलेले डबे रचून ठेवलेले. रुमालानं एकेक झाकण पुसत गेलो. आणि मामाचं नाव! "सापडला!" मी असा ओरडलो की ती बिचारी दचकून भिंतीला टेकली. डबा छातीशी धरून मी अशी धूम ठोकली, की तिचे आभार मानायचेही राहून गेले.

आई घरी मेथी निवडत बसली होती. डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पदरानं झाकण पुसलं, भावाच्या नावावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. मग माझ्यानं राहवेना. शो, थाप, सगळं कबूल केलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुह्या खिशात तिकीट सापडलं होतं. तुहा शर्ट मीच धुतला ना."

मला हसूही आलं, रडूही. तिनं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा रिकामा काहून आणला? भरून आणाले ठेवला होता ना मी?" डबा माझ्या हातात कोंबत ती म्हणाली, "जाय, घेऊन ये. अन् आता सिनेमाले नको जाऊ बाप्पा!"