देवापुढचा लाल बल्ब

परवा मित्राच्या गाडीत देवापुढे लाल बल्ब दिसला आणि मला आमच्या गाडीतला तसाच बल्ब आठवला.

तेव्हा बायकोचे दिवस भरत आले होते. आम्ही शेलूबाजारला, दवाखाना वाशिमला, आणि गाडीची बॅटरी रोज सकाळी उतरलेली. नवी टाकली, तीही उतरली. एका संध्याकाळी मी किल्ली काढली, तर बायको म्हणाली, "गाडी बंद हाय, मंग हा बल्ब काहून चालू हाय?"

गाडीजवळ उभी असलेली आई ओशाळली. "म्याच सरळ बॅटरीवर जोडून घेतला. बाळंतपण नीट होईपर्यंत देवापुढचा दिवा इझाले नाही पायजे म्हणून."

मी काही बोलायच्या आत तिनंच वायर उपटली. "देवाले अंधारात दिसते," ती म्हणाली.

तेव्हा मला फक्त हायसं वाटलं. वायर उपटल्यावर तिनं अंधारातच देवापुढे हात जोडले होते, ते आता दिसतं.