कवडूजी आणि बागेची तहान

कवडूजी सकाळी बागेत आले की आधी कामाला हात लावत नसत. एका संत्र्याच्या झाडाखाली बसत आणि बसूनच राहत. कोणी हाक मारली तरी ओ देत नसत. आमच्या रामाकोना गावचे लोक हसत. म्हातारा झाडांची हजेरी घेतो म्हणत. मीही एकदा बांधावरून तेच म्हटलं. ते म्हणाले, "घेत नाही भाऊ, देऊन राहिलो."

त्यांची बाग माझ्या बागेला लागून. माझ्या बागेत मी शेंदूर फासलेला दगड ठेवला होता. ते बौद्ध, घरात बुद्धाची तसबीर, बागेत काहीच नाही. मी म्हटलं, इथंही एखादी लावा, बसायला बरं. त्यांनी वर फांद्यांकडे पाहिलं. "इथं काय कमी पडून राहिलं?" मला माणूस जरा शिष्टच वाटला.

त्या साली पौषात माझी बायको तापानं गेली. बाग तिनं लावलेली. कलमं तिनं डोक्यावरून वाहून आणली होती. तेव्हा झाडं ताणावर होती. बहर यावा म्हणून हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात, पानं मलूल झाली की पुन्हा देतात. ते पुन्हा देणं राहिलं. मी घराबाहेरच पडलो नाही.

कवडूजी दारात आले. समजावणं वगैरे काही नाही. "रडाचं असन त बागेत येऊन रड. झाडं चालले."

गेलो तर पानं वळून गेलेली, खाली सडा. मला वाटलं, बायको पुन्हा मरून राहिली. विहिरीवरचं इंजिन चालू केलं अन् सगळं पाणी पाटात सोडलं. कवडूजी धावत आले, फावड्यानं पाटाच्या तोंडाशी माती ओढली आणि तिच्यावर स्वतःच उभे राहिले. मी शिवी हासडली. झाडं माझी आहेत म्हटलं, बाजूला व्हा.

"तू पाजून राहिला का मारून राहिला? तहानल्याले घोटाघोटानं पाजा लागते."

त्यांनी बारीक धार सोडली आणि मला दंडाला धरून खाली बसवलं. मी विचारलं, माणसालेही देव असाच ताण देते का?

"माणसाचं मले नाही समजत. पानी कुठवर गेलं ते पाह्य."

मी पाणी पाहत बसलो. ती गेल्यापासून दुसरं काही दिसलं ते तेव्हाच.

मग रोज जाऊ लागलो, बिनकामाचा बसू लागलो. एका सकाळी बांधावर पाय ठेवला आणि पुढं टाकवेना. अख्खी बाग पांढरी. डहाळीवर पानं कमी, फुलंच जास्त. वास छातीत मावेना. मधमाश्यांचा घुमारा जमिनीतून निघाल्यासारखा. एवढं सारं त्या वाळल्या लाकडात कुठं होतं, मला अजून कळलेलं नाही.

कवडूजी शेजारी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, तिनं हे पाहायला पाहिजे होतं. ती वरून पाहते, असं काही ते बोलले नाहीत.

"तू पाह्य," म्हणाले.

तेही गेले आता. बहर आला की दोघांच्याही वाट्याचं मला एकट्यालाच पाहावं लागतं. डोळे पुरत नाहीत.