खाटेशेजारचा अडखळता पडदा

जूडोंगच्या डायलिसिस केंद्रात आईला खाटेवर निजवून रुईयुआन शेजारच्या स्टुलावर टेकला. अंग नुसतं आंबून गेलं होतं. सकाळीच त्याने इंटरनेटवर सगळ्यांना कळवून टाकलं होतं, आता हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या एका जुन्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, तो आणि काही हौशी माणसं बिनपगारी सांभाळत होती. बाकीचे केव्हाच पांगले. मागे उरले तक्रार करणारे.

"आयुआन, बघ ना रे, गाणं पुढे पळतंय नि नटीचे ओठ मागेच," खाटेशेजारच्या टीव्हीच्या पडद्याकडे बोट दाखवत आई कुरकुरली.

"आजी, अपडेट झाल्यापासून सगळ्याच खाटांचं असं झालंय," नर्स छ्यू म्हणाली. "दुरुस्तीवाला म्हणतो, टीव्हीमागचे डबे भंगारात काढा. तोवर छताकडे बघा."

"छत चार वर्षं बघतेय बाई. ते गात नाही."

रुईयुआनने पडद्यामागच्या डब्याला हात लावला तर चटका बसला. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो. ड्रायव्हरने तो जागा केला नाही, की सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. त्याने लेबल वाचलं आणि डोळे मिटले. तीच चिप.

"काय झालं?"

"काही नाही आई. ओळखीचं निघालं."

छ्यूला विचारून त्याने तो डबा घरी नेला. नव्या अपडेटने मेमरी देण्याची रीत बदलली होती, म्हणून तो भाग रुसून बसला होता. त्याने ड्रायव्हर नव्या रीतीला जुळवून घेतला. पुढच्या खेपेला चित्र झरझर चाललं, पण नटी हिरवीगार.

"पोरीवर शेवाळ चढलंय की काय!" आई म्हणाली. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा हसून हसून खोकले.

रंगांचा क्रम त्याने उलटा वाचला होता. तो सुधारला, नवा ड्रायव्हर सगळ्या डब्यांत घातला आणि इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. आई दुसऱ्याच गाण्याला घोरायला लागली. त्याला आनंद असा झाला नाही, खांदे तेवढे सैल पडले.

स्टुलावरूनच त्याने बुसानच्या ओक दाहेला फोन लावला. ड्रायव्हरबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच असत.

"इतक्या चुका सापडतात तुम्हाला, तर आता हा ड्रायव्हर तुम्हीच सांभाळता का?"

"शिकवाल?"

"म्हणजे पुन्हा मीच राबायचं!"

"थोडेच महिने हो. मग तक्रारी मी ऐकेन."

त्याने जांभई आवरली. "बरं, वही घ्या," तो म्हणाला. "आधी मेमरीपासून."