कॅनवरचा आकडा

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. बाकी सगळं टँकरवर. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, त्यामुळे टँकरची वाट पाहायचं काम बाबांकडे आलं. समोर सहा मजली इमारत उठत होती. तिथला वॉचमन पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चारा संपला तशी मेंढरं विकून तो बायकोला घेऊन शहरात आला होता. साइटवरही टँकर यायचा. टँकरची वाट पाहता पाहता दोघांची मैत्री झाली.

बीअरही त्याच्या सोबतीनंच सुरू झाली. मला ते कळलं भाजीच्या कप्प्यात कॅन सापडला तेव्हा. आमच्याकडे आजोबांपर्यंत पौरोहित्य, बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची. वर मधुमेह. मी कॅन त्यांच्यापुढे ठेवला. ते गडबडले नाहीत. चष्मा लावून म्हणाले, "वाचूनच घेतलीय. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत आहे. आणि साखरेचा उल्लेखच नाही."

"उल्लेख नाही म्हणजे साखर नाही, असं कुठं असतं? दारूवर ते छापतच नाहीत."

"बिस्किटाच्या पुड्यावर छापतात. सांगण्यासारखं असतं तर इथंही छापलं असतं."

छापील मजकुरावर त्यांचा असा विश्वास. सौम्य आहे म्हणून पुढं ते एकाऐवजी दोन घ्यायला लागले. वॉचमनला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे यायचे. तो म्हणायचा, "काका, तुमची पाचाची तुमाला. आठाची मिळती तर मी कमी कशाला घिऊ?" तुमचे दोन आणि त्याचा एक, उलट तुमचाच हिशेब जास्त, हे मी बाबांना सांगून पाहिलं. "पण माझी सौम्य आहे," एवढंच उत्तर.

मे महिन्यात एकदा टँकर अकराला येणार होता, तो आला अडीचला. बाबांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, जेवण राहिलं. पाणी भरून झालं, ऊन मी म्हणत होतं, म्हणून ते साइटवरच्या सावलीत बसले आणि दोन्ही कॅन रिकामे केले. थोड्या वेळानं त्यांना दरदरून घाम सुटला. बोलणं अडखळायला लागलं, हात थरथरायला लागले. शेजारचे दोघं-तिघं जमले. "चढलीय, झोपवा घरी नेऊन," असं म्हणून एक जण त्यांना उचलायलाही लागला.

वॉचमननं त्याचा हात धरला. "ही दारू नाय. म्या लई पिलेली माणसं पाह्यलीत. काका थंडगार पडलेत." त्यानं बायकोला हाक मारली. तिनं खोपटातून गुळाचा खडा आणला. बाबा अजून गिळू शकत होते. तिनं थोडा थोडा गूळ त्यांच्या तोंडात घातला, आणि वॉचमननं मला फोन केला.

मी पोचले तेव्हा बाबा बसते झाले होते. बोट टोचून पाहिलं. गूळ पोटात जाऊनही साखर साठच्या आतच होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी गोळीवर दारू घेतली, म्हणून साखर घसरली. नुसतं झोपवलं असतं तर जिवावर बेतलं असतं. रिक्षातून परत येताना बाबा बाहेर बघत म्हणाले, "हे कुठंच लिहिलेलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लिहिलं. कारकुनी वळणाच्या अक्षरात, फ्रिजच्या दारावर: जेवणापूर्वी घेऊ नये. एकाहून अधिक घेऊ नये. मला ते पूर्ण बंद व्हायला हवं होतं, तेवढं मी मिळवू शकले नाही. पण स्वतः लिहिलेला नियम त्यांनी मोडला नाही.

त्याच आठवड्यात वॉचमनची बायको दारात आली. हातात रिकामा कॅन. "ताई, आठ कुठं लिवलंय ते दाखवा." मी बोट ठेवून दाखवलं. शेजारी पाचाचा कॅन ठेवून तोही दाखवला. तिनं दोन्ही आकडे बराच वेळ निरखले. पुढं वॉचमन बाबांकडं तक्रार करायचा, "काका, ती पिशवीतून काढून आधी आकडा बघती. आठ असला की मोरीत ओतती."

इमारत पूर्ण झाल्यावर ते दोघं मुकुंदवाडीकडच्या साइटवर गेले. जाताना तिनं मला विचारलं, देशीच्या बाटलीवर आकडा कुठल्या बाजूला असतो.